क्वार्क जोड्या का बांधतात, आणि न्यूट्रॉन ताऱ्यात त्या टिकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात क्वार्कच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या मूलकणांच्या, जोड्या जमून 'रंग-अतिवाहकता' येते असं वाचलं. पण क्वार्क तर कधी सुटे सापडत नाहीत, मग जोडी कोणाची? एकाच प्रकारचा भार असलेले कण एकमेकांना ढकलतात, मग हे जवळ कसे येतात? अतिवाहकतेला, म्हणजे विनारोध वीज वाहण्याला, निरपेक्ष शून्याजवळचं तापमान लागतं, आणि ताऱ्याच्या पोटात तर कोट्यवधी अंश. शेवटी, हे कोणी पाहिलंय, की नुसतं कागदावर आहे?

मी या विषयात बरीच वर्षं गणितं करत आलो आहे आणि हे चारही प्रश्न मला व्याख्यानांनंतर हमखास विचारले जातात. पहिल्या तिघांची उत्तरं पक्की आहेत. चौथ्यापाशी मात्र घोडं अडतं, आणि ते नेमकं कशापाशी अडतं हे सहसा सांगितलं जात नाही. लोकप्रिय लेख जोडी जमण्याची गोष्ट रंगवून सांगतात आणि जोडी मोडू शकते ही गोष्ट एका वाक्यात उरकतात. माझ्या मते विषयाचा खरा गाभा त्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आधी सुट्या क्वार्कबद्दल. अणुकेंद्रकात एका घन फर्मीमध्ये (एक फर्मी म्हणजे मीटरचा 10 चा उणे 15 वा घात) सुमारे 0.16 न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन, असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 6 घन फर्मी जागा येते. प्रोटॉनची त्रिज्या 0.84 फर्मी धरली तर त्याचं आकारमान अडीच घन फर्मीच्या आसपास. म्हणजे साध्या केंद्रकातही चाळीस टक्के जागा भरलेलीच आहे. घनता अडीचपट केली की मोकळी जागा संपली. मोठ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या मध्याशी घनता केंद्रकाच्या चार-पाचपट किंवा त्याहून जास्त असू शकते. तिथे 'हा क्वार्क या न्यूट्रॉनचा' असं म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. क्वार्क एकटा पडत नाही. तो गर्दीत हरवतो. संपूर्ण द्रव्य रंगभाराच्या, म्हणजे क्वार्कना बांधणाऱ्या प्रबळ बलाच्या भाराच्या, दृष्टीने उदासीनच राहतं, फक्त क्वार्कला हिंडायला मोठं अंगण मिळतं. हा हिशोब निव्वळ भूमितीचा आहे हेही सांगून ठेवतो. गोळे एकमेकांत शिरले म्हणजे क्वार्क नेमके त्याच क्षणी मोकळे झाले, असं त्यातून सिद्ध होत नाही. ते संक्रमण कोणत्या घनतेला होतं, अचानक होतं की हळूहळू, हे अजून उघडं आहे.

घनता आणखी वाढवत नेली की चित्र सोपं होत जातं. 1973 मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी दाखवलं की क्वार्क जितके जवळ येतात, जितक्या जास्त ऊर्जेने एकमेकांवर आदळतात, तितकी त्यांच्यातली प्रबळ आंतरक्रिया क्षीण होत जाते. अतिघन द्रव्यात क्वार्कना पाउलींच्या नियमामुळे (दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) खालच्या सगळ्या पातळ्या भरून वर वर चढावं लागतं, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरच्या क्वार्कचा संवेग प्रचंड असतो. त्यामुळे 1975 मध्ये कॉलिन्स आणि पेरी यांनी सुचवलं की अशा द्रव्यात क्वार्क जवळजवळ मुक्त वायूसारखे वागतील.

'जवळजवळ' या शब्दात सगळी मेख आहे. कूपर यांनी 1956 मध्ये इलेक्ट्रॉनांसाठी दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते. पाउलींचा नियम पाळणाऱ्या कणांच्या थंड वायूच्या, म्हणजे फर्मी वायूच्या, पृष्ठभागावर, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांच्या सीमेवर, एक कण आणून ठेवायला किंवा काढून घ्यायला मुक्त ऊर्जेचा खर्च शून्य असतो. मग दोन कण फुकटात ठेवता येत असतील आणि त्यांच्यात तिळाएवढंही आकर्षण असेल, तर ते ठेवण्यात फायदाच आहे. फायदा आहे म्हटल्यावर आणखी एक जोडी, आणखी एक जोडी, असं करत साधा फर्मी पृष्ठभाग कोसळतो आणि जोड्यांचा संघनित समुदाय तयार होतो. आकर्षण किती क्षीण आहे याने फक्त जोडी किती घट्ट हे ठरतं. जोडी जमते की नाही हा प्रश्नच उरत नाही.

म्हणजे विचारायचं एवढंच: दोन क्वार्कमध्ये आकर्षण आहे का? इथे जरा थांबतो, कारण हा हिशोब पाठकोऱ्या कागदावर होतो आणि तो एकदा स्वतः केला की विषय अंगात भिनतो.

क्वार्कचे रंग तीन. लाल, हिरवा, निळा म्हणू, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांशी त्यांचा काही संबंध नाही. दोन क्वार्कचे रंग मिळून नऊ शक्यता होतात. त्यांचे दोन गट पडतात. अदलाबदल केली तरी तसेच राहणारे सहा सममित संयोग, आणि अदलाबदल केल्यावर चिन्ह बदलणारे तीन प्रतिसममित. लाल-लाल ही जोडी सममित गटात येते, आणि तुमची शंका तिथे बरोबर आहे: ते एकमेकांना ढकलतात. पण 'लाल-हिरवा वजा हिरवा-लाल' हा प्रतिसममित संयोग बाहेरून पाहिला तर प्रतिनिळ्या भारासारखा दिसतो. दोन उगम होते, आता त्यांचं एकत्रित क्षेत्र एकाच उगमाएवढं झालं. क्षेत्रातली ऊर्जा घटली, म्हणजे आकर्षण. प्रबळ बल वाहून नेणाऱ्या कणाच्या, म्हणजे एका ग्लुऑनच्या, देवाणघेवाणीचा गुणक काढला तर प्रतिसममित गटाला उणे दोन तृतीयांश येतो आणि सममित गटाला अधिक एक तृतीयांश. पडताळा हवा असेल तर तीन गुणिले पहिला अधिक सहा गुणिले दुसरा, बेरीज शून्य यायला हवी, आणि येते. क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून मेसॉन बनतो तेव्हा हाच गुणक उणे चार तृतीयांश असतो. म्हणजे क्वार्क-क्वार्क आकर्षण त्याच्या निम्मं आहे. बिलकूल किरकोळ नाही.

धातूशी तुलना करा. तिथे इलेक्ट्रॉन मुळात एकमेकांना ढकलतात. जाळीतल्या कंपनांच्या आडून, उशिरा पोहोचणारं थोडंसं आकर्षण मिळतं आणि त्यावर अतिवाहकता उभी राहते. म्हणून ती इतकी नाजूक. क्वार्कना असा बाहेरचा मध्यस्थ लागत नाही. जी प्राथमिक आंतरक्रिया आहे तीच आकर्षक आहे.

तापमानाच्या शंकेचं उत्तरही यातच आलं. अतिवाहकतेला निरपेक्ष शून्याजवळचं तापमान लागतं हा आपला धातूंच्या अनुभवावरून झालेला समज आहे. खरी तुलना तापमान आणि फर्मी ऊर्जा, म्हणजे सर्वांत वरच्या भरलेल्या पातळीची ऊर्जा, यांची. अॅल्युमिनियम 1.2 केल्व्हिनला अतिवाहक होतं आणि त्याच्या फर्मी ऊर्जेचं तापमानात रूपांतर केलं तर ते लाख केल्व्हिनच्या वर जातं. गुणोत्तर एक लाखांशाच्या घरात. क्वार्क द्रव्यात रासायनिक विभव, म्हणजे आणखी एक क्वार्क आत ठेवायला लागणारी ऊर्जा, 400 ते 500 एमईव्ही (कणभौतिकीतलं ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच सांगतात), आणि जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, जिला आम्ही गॅप म्हणतो, ती बहुतेक प्रतिकृतींमध्ये 10 ते 100 एमईव्ही येते. गॅप 50 धरला तर क्रांतिक तापमान त्याच्या साधारण 0.57 पट, म्हणजे 28 एमईव्ही. केल्व्हिनमध्ये हे 3 गुणिले 10 चा 11 वा घात. जन्मून काही वर्षं लोटलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचं अंतरंग 10 च्या आठव्या किंवा नवव्या घाताइतक्या केल्व्हिनवर असतं. आपल्याला ते भट्टीसारखं वाटतं, पण या जोड्यांच्या दृष्टीने ते गोठलेलं आहे. जड आयनांच्या टकरींत मात्र उलटं. तिथे तापमानच दीडशे एमईव्हीच्या पुढे जातं, त्यामुळे त्या प्रयोगांतून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा मिळतो, या जोड्या मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी 'क्वार्क द्रव्य' या एकाच नावाखाली येतात म्हणून गोंधळ होतो.

इतिहासाबद्दल थोडंच. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बॅरॉइस आणि फ्राउत्ची यांच्या लेखनात आली. 1984 मध्ये बेलिन आणि लव्ह यांनी तिचा सविस्तर आढावा घेतला, पण त्यांचा गॅप एक एमईव्हीच्या आसपास निघत होता, त्यामुळे फार कोणी लक्ष दिलं नाही. 1998 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तो शंभर एमईव्हीपर्यंत जाऊ शकतो, आणि एका वर्षात चित्र पालटलं. 1999 मध्ये अल्फर्ड, राजगोपाल आणि विल्चेक यांनी रंग-स्वाद बद्ध अवस्था मांडली. तिच्यात अप, डाउन, स्ट्रेंज हे तीन स्वाद, म्हणजे क्वार्कचे प्रकार, आणि तीन रंग मिळून होणारे नऊच्या नऊ क्वार्क जोडीत जातात. कोणता रंग फिरवला तर कोणता स्वाद त्याच्याबरोबर फिरवावा लागतो, अशी दोघांची गाठ बसते, म्हणून ते नाव. त्याच वर्षी सोन यांनी दाखवलं की अतिउच्च घनतेला गॅप नेहमीच्या अतिवाहकाच्या सूत्राप्रमाणे जात नाही. घातांकात जोडणीच्या, म्हणजे आंतरक्रियेच्या ताकदीच्या, वर्गाचा व्यस्त नसून नुसत्या जोडणीचा व्यस्त येतो, कारण चुंबकीय ग्लुऑनांचा पल्ला पूर्ण झाकला जात नाही. हा फरक दिसायला बारीक आहे, पण त्यामुळेच खात्रीने म्हणता येतं की घनता वाढवत गेलो तर आंतरक्रिया क्षीण होऊनही गॅप एमईव्हीमध्ये वाढतच राहतो. अमर्याद घनतेला हे द्रव्य रंग-स्वाद बद्ध असतं, याला मी अंदाज म्हणत नाही. तो प्रबळ आंतरक्रियेच्या सिद्धांतातून सरळ निघणारा निष्कर्ष आहे.

आता खऱ्या ताऱ्याकडे. अडचण स्ट्रेंज क्वार्कच्या वस्तुमानाची आहे.

अप आणि डाउन क्वार्क काही एमईव्हीचे, म्हणजे इथे वस्तुमानहीनच समजा. स्ट्रेंज क्वार्कचं मूळ वस्तुमान 95 च्या आसपास, पण द्रव्याच्या आत त्याचं परिणामी वस्तुमान त्याहून बरंच जास्त असू शकतं. जोडीतले दोन कण एकमेकांच्या विरुद्ध संवेगाचे लागतात, म्हणजे दोघांचे फर्मी पृष्ठभाग एकाच उंचीवर हवेत. जड कणाचा पृष्ठभाग खाली सरकतो. विद्युत उदासीनता आणि क्षीण आंतरक्रियेचा (क्वार्कचा स्वाद बदलणाऱ्या, प्रबळ आंतरक्रियेहून वेगळ्या बलाचा) समतोल सांभाळल्यावर तिन्ही पृष्ठभागांमध्ये सारखं अंतर पडतं आणि ते असतं वस्तुमानाचा वर्ग भागिले चार वेळा रासायनिक विभव. हे अंतर जोडी तोडायला बघतं आणि गॅप जोडी टिकवायला बघतो. रंग-स्वाद बद्ध अवस्था टिकायची तर गॅप साधारण वस्तुमानाचा वर्ग भागिले दुप्पट विभव यापेक्षा मोठा लागतो.

आकडे घालून पाहा. विभव 450 एमईव्ही. स्ट्रेंजचं वस्तुमान 150 असेल तर 22500 भागिले 900, म्हणजे गॅप 25 च्या वर असला की झालं. हे सहज शक्य आहे. पण वस्तुमान 300 असेल तर 90000 भागिले 900, म्हणजे गॅप 100 च्या वर हवा. हे प्रतिकृतींच्या अगदी टोकावर जाऊन बसतं. वस्तुमान दुप्पट झालं आणि अट चौपट कडक झाली. 'न्यूट्रॉन ताऱ्यात रंग-अतिवाहकता असते का' या प्रश्नाचं उत्तर देताना मी हात राखून बोलतो, त्याचं कारण ही एक वजाबाकी आहे. गॅप आणि स्ट्रेंजचं वस्तुमान हे दोन्ही आकडे आपल्याला हवे तितक्या अचूकतेने ठाऊक नाहीत.

मग गणकावर सरळ गणित का करत नाही? शून्य घनतेला जाळीवरची (अवकाश-काळाचे चौकोन पाडून केलेली) गणितं उत्तम चालतात, पण बॅरिऑन घनता, म्हणजे प्रतिक्वार्कपेक्षा क्वार्कची जादा संख्या, आली की सरासरीच्या वजनांना चिन्हं आणि काल्पनिक भाग चिकटतात आणि संख्या एकमेकांना खोडून काढतात. म्हणून मधल्या घनतेसाठी आम्ही प्रतिकृती वापरतो, आणि प्रतिकृतीची स्वतःची खोड असते. पीएचडीच्या दिवसांत मी एकदा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे संवेग प्रतिकृती सोडून देते ती मर्यादा, जरा वर सरकवला आणि गॅप एकदम वाढलेला पाहून हरखून गेलो. दोन दिवस आलेख काढले. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, 'निर्वात पुन्हा बसवलास का?' नव्हतं बसवलं. कटऑफ बदलला की जोडणी-स्थिरांकही अशा रीतीने बदलावा लागतो की निर्वातातलं क्वार्कचं वस्तुमान आणि पायॉनचे (सर्वांत हलक्या मेसॉनचे) गुणधर्म जागच्या जागी राहतील. तसं केल्यावर माझी वाढ जवळजवळ विरघळली. तेव्हापासून कोणत्याही लेखात मोठा गॅप दिसला की आधी प्राचल कशावर बसवलेत ते पाहतो. तुम्हीही पाहा.

गॅप पुरेसा नसेल तर काय, याचे पर्याय बरेच आहेत. फक्त अप आणि डाउन जोडीत जातील ही सर्वांत सोपी कल्पना ताऱ्यात अवघड पडते. उदासीनतेसाठी डाउनची संख्या अपच्या जवळजवळ दुप्पट लागते, म्हणजे त्यांचे फर्मी संवेग सव्वापटीने वेगळे, आणि एवढी दरी भरून काढणारा गॅप सहसा नसतो. जोड्या शून्य नसलेल्या एकूण संवेगाने बांधल्या तर अवकाशात गॅप कमी-जास्त होत जातो आणि एक प्रकारचा स्फटिक तयार होतो. ही कल्पना धातूंसाठी 1964 मध्ये लार्किन-ओव्चिन्निकोव्ह आणि फुल्डे-फेरेल यांनी मांडली होती, क्वार्कसाठी ती 2001 मध्ये आली. नाहीतर एकाच स्वादाचे क्वार्क आपापसांत जोड्या बांधतात, पण तो गॅप फार लहान असतो. असमान संख्येच्या जोड्यांचा ताण प्रयोगात पाहायचाच असेल तर अतिशीत लिथियमच्या वायूत तो 2006 पासून पाहिला जातोय, आणि तिथे जोडीत गेलेला भाग मध्ये आणि उरलेले अणू कडेला, असं विभाजन दिसलं. क्वार्कना उदासीनतेचं बंधन असल्यामुळे हे चित्र जसंच्या तसं उचलता येत नाही.

'अतिवाहकता' हा शब्दही थोडा फसवा आहे. रंग-स्वाद बद्ध द्रव्यात आठही ग्लुऑनांना वस्तुमान मिळतं, पण फोटॉन एका ग्लुऑनशी थोडा मिसळून वस्तुमानहीन राहतो. ते मिश्रण बहुतांशी जुना फोटॉनच असतं, कारण विद्युत जोडणी प्रबळ जोडणीपुढे अगदी लहान आहे. परिणाम असा की ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र गाभ्यातून बाहेर फेकलं जात नाही, जवळजवळ सगळं आरपार जातं. हे द्रव्य विजेच्या दृष्टीने पारदर्शक विसंवाहक आहे आणि त्याच वेळी अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणारंही. उदासीन राहायला त्याला इलेक्ट्रॉनही लागत नाहीत. नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर हे येणार नाही.

राहिला चौथा प्रश्न. थेट पुरावा नाही. का नाही, ते सांगतो. जोड्यांमुळे दाबात पडणारी भर ही मूळ दाबाच्या सुमारे चार गुणिले गॅप-विभव गुणोत्तराचा वर्ग इतकी. गॅप 50, विभव 450 असेल तर जेमतेम पाच टक्के. ताऱ्याचं वस्तुमान आणि त्रिज्या मोजून एवढा फरक वेगळा काढणं कठीण, कारण आंतरक्रियेबद्दलचं इतर अज्ञान त्याहून मोठं आहे. दोन सौर वस्तुमानांच्या आसपासचे तारे 2010 पासून सापडत गेले, 2017 च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या, नायसर ही क्ष-किरण दुर्बीण त्रिज्या मोजते आहे. या सगळ्यांनी पुष्कळ प्रतिकृती मोडीत काढल्या आणि अलीकडे गॅपवर वरून मर्यादाही घातली गेली, पण 'जोड्या आहेत' असं म्हणवून घेतलं नाही.

माझा भर त्यामुळे दाबावर नाही, उष्णता आणि घर्षणावर आहे. जोडीत न गेलेले क्वार्क न्यूट्रिनो भराभर सोडून तारा लवकर थंड करतात. सगळे जोडीत गेले की हीच क्रिया गॅपमुळे घातांकाने बंद पडते आणि गाभा मुका होतो. मग थंड होणं वरचे थर ठरवतात. म्हणजे काही क्वार्क बाहेर राहिलेल्या अवस्था थंडाव्याच्या आलेखात दिसतील, पूर्ण बद्ध अवस्था लपून राहील. घर्षणाचं उलट आहे. पूर्णपणे रंग-स्वाद बद्ध द्रव्याचा तारा इतका निसरडा असेल की वेगाने फिरताना त्यात आर-लाटा (फिरत्या ताऱ्यात उठणाऱ्या, गुरुत्वीय लहरी सोडत वाढणाऱ्या लाटा) वाढत जातील आणि परिवलन मंदावेल. सेकंदाला 716 फेऱ्या घेणारा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा, आपण पाहिला आहे. त्यामुळे अख्खा तारा असा असणं जड जातं, आत गाभा आणि बाहेर साधं द्रव्य असेल तर मात्र आडकाठी नाही. स्फटिकी अवस्था असेल तर तिचा ताठरपणा फार असतो, आणि पल्सारच्या वेगात अधूनमधून येणाऱ्या झटक्यांशी तिचा संबंध असू शकतो.

तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर आधी कूपरचा हिशोब हाताने करा, मग वरचा नऊ रंगसंयोगांचा, आणि त्यानंतर स्ट्रेंजच्या वस्तुमानाची वजाबाकी. विभव 350 ते 500 आणि वस्तुमान 100 ते 350 या पट्ट्यात किमान गॅपचा एक छोटा तक्ता बनवा. कोणत्याही नव्या लेखातला गॅप त्या तक्त्यावर ठेवला की लेखक कोणत्या कोपऱ्यात उभा आहे ते लगेच दिसतं.